कवचांतून समुद्राचं जुनं तापमान: गाळाच्या नमुन्यापासून डेटा फाइलपर्यंत

समुद्रतळाच्या गाळात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची कॅल्शियम कार्बोनेटची कवचं सापडतात. बोलताना सगळे यांना 'फोराम' म्हणतात. कवच बांधलं जात असताना कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या काही जागा मॅग्नेशियम घेतं आणि पाणी जितकं उबदार, तितकं हे मॅग्नेशियम जास्त. एका अंशामागे मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर (पुढे नुसतं 'गुणोत्तर') साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. या लेखात मुख्यतः हीच पद्धत घेतली आहे, कारण नवशिक्याला ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करता येते.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट पक्की करून घ्या. कवचात तापमान नसतं, गुणोत्तर असतं. तापमान आपण समीकरण लावून काढतो आणि समीकरणं बदलत राहतात. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीत नमुन्याचं काम आणि नोंदीचं काम एकत्रच चालतं. नोंदी नंतर सावकाश लिहू म्हणाल, तर त्या अपुऱ्याच राहतील.

नमुना हातात येताना

गाभा, म्हणजे तळातून नळीने उपसलेला गाळाचा दंडगोल, साधारण ४ अंश सेल्सियसला ठेवतात. उघड्यावर वाळलेल्या गाळात पायराइटचं ऑक्सिडीकरण होतं, आम्ल तयार होतं आणि कवचं हळूहळू विरघळतात. वर्षानुवर्षं साठवलेल्या गाभ्यातली कवचं खडूसारखी, भुसभुशीत दिसली तर आधी याचाच संशय घ्या.

नमुन्याचं नाव गाभ्यावर लिहिलेलं असेल तेच ठेवा. सागरी उत्खननातल्या नावात क्रमाने मोहीम, जागा आणि विवर, गाभ्याचा क्रमांक, उत्खननाचा प्रकार, तुकडा आणि त्या तुकड्यातलं सेंटिमीटरमधलं अंतर असतं. '१३०-८०६बी-१एच-२, ५०–५२' हे नाव वाचता आलं की नमुना कुठून आला ते कळतं. त्याऐवजी 'नमुना १२' असं सोयीचं नाव दिलं तर सहा महिन्यांनी तो कुठला हे कोणालाच सांगता येणार नाही. खोली लिहिताना वरची आणि खालची अशा दोन्ही कडा लिहा. मध्यबिंदू नंतर काढता येतो, पण नुसत्या मध्यबिंदूवरून जाडी कळत नाही. एकाच जागेच्या अनेक विवरांतले गाभे जोडून केलेली 'संयुक्त खोली' आणि समुद्रतळापासून खाली मोजलेली खोली या वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. दोन्ही वेगळ्या स्तंभांत ठेवा.

त्याच गाळातून पुढे अल्केनोन, म्हणजे कोकोलिथोफोर शेवाळांचे मेदयुक्त रेणू, मोजायचे असतील तर न धुतलेला भाग आधीच बाजूला काढा. तो काचेत किंवा अॅल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळून गोठवा. प्लास्टिकमधली रसायनं या मोजमापात मिसळतात.

धुणं आणि चाळणं

गाळ ४०–५० अंशांना वाळवून किंवा फ्रीझ-ड्राय करून वजन करा. हे कोरडं वजन नंतर मिळवता येत नाही, म्हणून विसरू नका. मग पाण्यात भिजवून हलकेच फिरवत ठेवा. हट्टी चिकणमातीसाठी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटचं सौम्य द्रावण वापरतात. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर मंद धारेने धुवा आणि खाली पडणारं पाणी स्वच्छ झालं की थांबा. बोटाने किंवा ब्रशने रगडू नका, पातळ भिंतीची कवचं फुटतात. शेवटचं क्षालन शुद्ध पाण्याने करा, पण कवचं त्यात तासन्‌तास भिजत ठेवू नका. शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि कार्बोनेट खातं.

दोन नमुन्यांमध्ये चाळणी धुवून ती मिथिलीन ब्लूच्या पातळ द्रावणात बुडवायची सवय लावा. जाळीत अडकलेलं आधीच्या नमुन्यातलं कवच निळं होतं आणि पुढच्या नमुन्यात आलं तर लगेच ओळखू येतं. हिमयुगाच्या थरात आजच्या काळातली दोन कवचं मिसळली, तर मोजणीत ती चूक वेगळी दिसत नाही. चाळणीचा रंग मात्र ती पकडतो.

उरलेला भाग वाळवून कोरड्या चाळण्यांनी आकारानुसार वेगळा करा. पृष्ठभागाच्या कामासाठी २५०–३५५ मायक्रॉन हा गट सर्वाधिक वापरात आहे. एकदा ठरलेला गट गाभ्याच्या शेवटापर्यंत बदलू नका, कारण कवचाच्या आकाराबरोबर मॅग्नेशियमही बदलतं.

कोणती प्रजाती आणि किती कवचं

उष्ण समुद्रांत ग्लोबिजेरिनॉइडस रुबर या प्रजातीचा पांढरा प्रकार पहिली पसंती आहे. तो वरच्या मिसळलेल्या थरात राहतो आणि जवळपास वर्षभर सापडतो. त्याची दोन रूपं आहेत. गोल, एकसारख्या कप्प्यांचं 'सेन्सू स्ट्रिक्टो' निवडा. दाबल्यासारख्या शेवटच्या कप्प्याचं 'सेन्सू लाटो' किंचित खोल राहतं, त्यामुळे दोन्ही मिसळली तर मालिकेत विनाकारण चढउतार येतात. ट्रायलोबेटस सॅक्युलिफरही चालतो, पण शेवटचा पिशवीसारखा कप्पा असलेली आणि नसलेली कवचं वेगळी ठेवा. थंड पाण्याच्या किंवा खालचं पाणी वर येणाऱ्या भागात ग्लोबिजेरिना बुलॉइडस, ध्रुवीय पाण्यात निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा आणि तळाच्या पाण्यासाठी सिबिसिडॉइडस वुलरस्टॉर्फी किंवा युव्हिजेरिना वापरतात. या प्रत्येकीचं समीकरण वेगळं आहे.

रुबरचा गुलाबी प्रकार हिंद आणि प्रशांत महासागरांतून सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. या महासागरांच्या गाभ्यात तो दिसू लागला की तुम्ही मागच्या आंतरहिमयुगापर्यंत, म्हणजे दोन हिमयुगांमधल्या उबदार काळापर्यंत पोचलात, असा वयाचा फुकटचा पुरावा मिळतो. म्हणून गुलाबी कवचं टाकून देऊ नका, मोजून लिहा.

ओल्या बारीक ब्रशने ४० ते ५० कवचं उचला. या आकाराच्या रुबर कवचाचं वजन साधारण १० मायक्रोग्रॅमच्या घरात असतं, म्हणजे एकूण ४००–५०० मायक्रोग्रॅम हाती येतं. रासायनिक मोजणीसाठीची कवचं स्लाइडवर डिंकाने चिकटवू नका. फोडण्याआधी संख्या आणि एकूण वजन दोन्ही लिहा. सरासरी वजन गाभ्यात खाली जाताना घसरत असेल तर कवचं विरघळू लागल्याची ती खूण असते. खोल तळावर मॅग्नेशियमने समृद्ध भाग आधी विरघळतो, त्यामुळे उरलेलं कवच खरं होतं त्यापेक्षा थंड पाणी दाखवतं.

सफाई: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मोजणारं यंत्र उत्तम असलं तरी मातीचा कण आत राहिला तर आकडा चुकतोच. चिकणमातीत मॅग्नेशियम भरपूर असतं. समजा खरं गुणोत्तर ४.० मिलिमोल प्रति मोल आहे आणि मातीमुळे ते ४.३ आलं. तेवढ्याने समुद्र ०.८ अंशांनी उबदार होतो. अनेक ठिकाणी उष्णकटिबंधीय समुद्राचा हिमयुगातला बदलच दोन-तीन अंशांचा असतो, हे लक्षात घेतलं तर या मातीची किंमत कळते.

दोन स्वच्छ काचपट्ट्यांमध्ये कवचं ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली हलकेच दाबा. प्रत्येक कप्पा उघडला पाहिजे, पण भुकटी होता कामा नये. भुकटी धुताना वाहून जाते. ऑक्सिजनची समस्थानिकंही मोजायची असतील तर तुकडे नीट मिसळून आत्ताच दोन वाटे करा, म्हणजे दोन्ही आकडे त्याच कवचांचे होतील. तुकडे आम्लाने आधी धुतलेल्या अर्ध्या मिलिलिटरच्या कुप्यांत भरा. हातमोजे पावडर नसलेले हवेत. पुढचा क्रम असा:

१. अतिशुद्ध पाणी ५०० मायक्रोलिटर घाला, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये एक-दोन मिनिटं ठेवा, कुपी बाहेर काढा. जड तुकडे काही सेकंदांत तळाशी बसतात, माती तरंगत राहते. त्या काही सेकंदांतच वरचं गढूळ पाणी पिपेटने ओढून घ्या. उशीर केला तर माती परत तुकड्यांवर बसते. असं पाच वेळा.

२. हेच मिथेनॉलने दोनदा. मिथेनॉल पाण्यापेक्षा कमी घट्ट असल्याने चिकटलेली माती सोडवतं. नंतर पुन्हा पाण्याने धुवा.

३. सेंद्रिय पदार्थ काढण्यासाठी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलिलिटरमध्ये ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे १०० मायक्रोलिटर मिसळा. हे द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं. प्रत्येक कुपीत २५० मायक्रोलिटर घालून १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. आत वायू साठतो, म्हणून मध्ये झाकण जपून सैल करा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. बुडबुडे तुकड्यांना चिकटून द्रावण पोचू देत नाहीत, तेव्हा कुपीला टिचकी मारा.

४. ०.००१ मोलर नायट्रिक आम्ल २५० मायक्रोलिटर, ३० सेकंद अल्ट्रासॉनिक, लगेच काढून पाण्याने दोनदा धुवा. याने पृष्ठभागावर पुन्हा बसलेलं दूषण जातं. नमुना आधीच लहान असेल तर इथे हात आखडता घ्या, कारण हे आम्ल कवचही खातं.

५. सगळं पाणी काढून ०.०७५ मोलर नायट्रिक आम्लात विरघळवा. १० मिनिटं सेंट्रीफ्यूज करून वरचा भाग नव्या कुपीत घ्या, तळाचा शेवटचा थेंब सोडून द्या. न विरघळलेली वाळू आणि माती त्या थेंबातच असते.

काही प्रयोगशाळा यात हायड्रॅझीनची क्षपण पायरीही घालतात. तिने मँगनीजचे थर निघतात, पण गुणोत्तर साधारण १० टक्क्यांनी खाली येतं, म्हणजे तापमान १ अंशाहून जास्त थंड दिसतं. कोणती रीत श्रेष्ठ हा वाद बाजूला ठेवला तरी एक नक्की: एका रीतीने साफ केलेल्या कवचांना दुसऱ्या रीतीचं समीकरण लावायचं नाही. म्हणून 'नेहमीप्रमाणे साफ केलं' अशी नोंद निरुपयोगी असते. प्रत्येक पायरी किती वेळा केली ते लिहा.

मोजणी आणि संशयित आकडे

द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या आयसीपी-ओईएस किंवा आयसीपी-एमएस यंत्रावर आधी थोड्या द्रावणातून कॅल्शियमचं प्रमाण पाहा. मग सगळे नमुने समान कॅल्शियमवर आणून मुख्य मोजणी करा. द्रावणातलं कॅल्शियम कमी-जास्त असलं की यंत्र गुणोत्तरही थोडं वेगळं दाखवतं. दर काही नमुन्यांनंतर प्रमाणित द्रावण लावा आणि प्रत्येक तुकडीत एक रिकामी कुपी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत चालवा. ईसीआरएम ७५२-१ हा चुनखडीचा प्रमाणित नमुना वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळतात का हे पाहायला वापरतात. त्याचं गुणोत्तर ३.७५ च्या आसपास यायला हवं.

मॅग्नेशियमबरोबर लोह, अॅल्युमिनियम आणि मँगनीज मोजल्याशिवाय मोजणी पूर्ण समजू नका. लोह किंवा अॅल्युमिनियमबरोबर मॅग्नेशियम वर जात असेल तर माती राहिली आहे. लोह-मॅग्नेशियम गुणोत्तर ०.१ मोल प्रति मोलच्या वर गेलं की नमुना संशयित धरा. मँगनीज वाढलेलं असेल तर कवचावर नंतर कार्बोनेटचे किंवा ऑक्साइडचे थर चढले असावेत. कॅल्शियमच फार कमी आलं तर तुकडे धुताना पाण्याबरोबर गेले, आणि अशा नमुन्याचं गुणोत्तर वापरायचं नाही.

संशयित ओळ पुसून टाकू नका. शेजारी 'खूण' नावाचा स्तंभ करा आणि कारण लिहा: माती, कमी कॅल्शियम, यंत्र बिघाड. आज बाद वाटलेला आकडा उद्या दुसऱ्या कुणाला वेगळ्या निकषाने हवा असू शकतो.

गुणोत्तराचं तापमान करताना

पृष्ठभागाजवळच्या अनेक प्रजातींसाठी २००३ सालचं एक समीकरण आजही आधाराला घेतात: गुणोत्तर = ०.३८ × ई^(०.०९ × तापमान). उलटं फिरवलं तर तापमान = नैसर्गिक लॉग (गुणोत्तर ÷ ०.३८) ÷ ०.०९. गुणोत्तर ४.० असेल तर २६.२ अंश, ३.५ असेल तर २४.७. स्प्रेडशीटमध्ये दहाचा पाया असलेला लॉग चुकून लागला तर समुद्र एकदम गोठणबिंदूच्या दिशेने घसरतो. म्हणून हे दोन आकडे स्वतः काढून सूत्र तपासा.

या सूत्रामागे इतर घटक दडलेले आहेत. क्षारता एका एककाने वाढली की गुणोत्तर तीन ते पाच टक्के वाढतं, म्हणजे साधारण अर्ध्या अंशाचा भास. पाण्याची आम्लता कमी झाली की गुणोत्तर उतरतं, आणि हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने समुद्राच्या वरच्या थराची आम्लता कमी होती. हे सारे घटक एकत्र धरून अनिश्चिततेसह उत्तर देणारी 'बेमॅग'सारखी बेजियन, म्हणजे संभाव्यतेवर आधारलेली प्रतिमानं २०१९ पासून उपलब्ध आहेत. सुरुवातीला साधं समीकरण लावा, मग प्रतिमान चालवा आणि फरक कुठे पडतो ते पाहा. काही दशलक्ष वर्षांपेक्षा जुन्या गाळात समुद्राच्या पाण्यातलंच मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर आजच्यापेक्षा वेगळं होतं, तेव्हा त्याची दुरुस्ती टाळता येत नाही.

त्याच कवचांचा ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचं प्रमाण, मोजला असेल तर त्यातून तापमानाचा भाग वजा करून पाण्याचा स्वतःचा ऑक्सिजन-१८ मिळतो. एकट्या ऑक्सिजनवरून तापमान काढण्याची अडचण इथेच आहे: जमिनीवरच्या हिमचादरींत हलकं पाणी अडकल्याने हिमयुगाच्या शिखरावर सगळा समुद्रच सुमारे १ प्रति सहस्र जड झाला होता. तेवढा फरक चार-पाच अंशांच्या थंडीइतका दिसतो.

वय

फोराम कवचांचं किरणोत्सारी कार्बन वय सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत मिळतं. मूळ वय, त्याची त्रुटी, प्रयोगशाळेचा संकेतांक, प्रजाती, कार्बन वयाचं कॅलेंडर वर्षांत रूपांतर करायला वापरलेला वक्र आणि स्थानिक समुद्री दुरुस्ती हे सगळं लिहा. २०२० मध्ये 'मरीन२०' वक्र आला तेव्हा ज्यांनी फक्त दुरुस्त वयं जपली होती, त्यांना नव्याने हिशेब करता आला नाही. 'वर्तमानापूर्वी' म्हणजे १९५० पूर्वी, हेही फाइलमध्ये स्पष्ट असू द्या. त्याहून जुन्या गाळासाठी तळाच्या फोरामांचा ऑक्सिजन वक्र २००५ च्या 'एलआर०४' या ५७ नोंदींच्या सरासरीशी जुळवतात.

तळावरचे प्राणी वरचे काही सेंटिमीटर, अनेकदा दहापर्यंत, सतत घुसळत असतात. गाळ हजार वर्षांत २ सेंटिमीटरच साचत असेल तर दहा सेंटिमीटरच्या घुसळणीत ५,००० वर्षं मिसळतात. अशा गाभ्याचे नमुने प्रत्येक सेंटिमीटरला घेतले तरी शतकांचे बदल दिसणार नाहीत.

डेटा कसा ठेवायचा

मूळ मोजणीची फाइल यंत्रातून आली तशी ठेवा आणि तिला हात लावू नका. तिच्यापासून तापमानापर्यंतचा हिशेब एका स्क्रिप्टमध्ये लिहा, म्हणजे समीकरण बदललं की एक ओळ बदलून सगळं पुन्हा काढता येतं. तक्ता साध्या सीएसव्ही मजकुरात, यूटीएफ-८ मध्ये. एका ओळीत एक नमुना, एका स्तंभात एकच गोष्ट आणि एकक स्तंभाच्या नावातच. रंगाने काही सांगू नका. पिवळा चौकोन म्हणजे 'संशयित' हे फाइल बदलताना हरवतं.

स्प्रेडशीट '१-२' असं तुकड्याचं नाव निमूटपणे तारीख करून टाकते. नावांचा स्तंभ आधीच 'मजकूर' म्हणून ठरवा. एकच स्तंभ क्रमवार लावून बाकीचे तसेच राहिले, तर प्रत्येक तापमान चुकीच्या खोलीला जाऊन बसतं आणि आलेख तरीही खरा वाटतो. मोजलं नाही तिथे जागा रिकामी सोडा. शून्य म्हणजे मोजलेलं शून्य. उणे ९९९ लिहिण्याची जुनी पद्धत सरासरी बिघडवते.

प्रत्येक बदलानंतर चार तपासण्या चालवा: खोली वरून खाली वाढते का, वय खोलीबरोबर वाढतं का, एकच नमुना दोनदा आला का, गुणोत्तर त्या प्रजातीच्या शक्य मर्यादेत आहे का. फाइलच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

सोबतच्या माहितीपत्रात हे असावं: अक्षांश-रेखांश दशांश अंशांत (पश्चिम आणि दक्षिण उणे), पाण्याची खोली, प्रजाती आणि रूप, आकारगट, कवचांची संख्या, सफाईची रीत, यंत्र, प्रमाणित नमुन्याचे आकडे, पुनरावृत्तीतली तफावत, समीकरण आणि वयाचं प्रतिमान. २०१९ मध्ये या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी 'पॅक्ट्स' नावाने नेमकं काय-काय नोंदवावं याचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. तो शेजारी ठेवून यादी तपासा. माहिती आणि तक्ता एकाच गठ्ठ्यात बांधणारं 'लिपीडी' हे स्वरूप याच कामासाठी बनलं आहे. नमुन्यांना आयजीएसएन हा जागतिक ओळख क्रमांक मिळत असेल तर घ्या.

शेवटी डेटा पँजिया या खुल्या डेटा संग्रहात किंवा अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या पुराहवामान संग्रहात जमा करा. तिथे त्याला कायमचा पत्ता मिळतो. लेखाच्या पुरवणीत पीडीएफ तक्ता जोडून भागत नाही, त्यातून आकडे परत काढताना नव्या चुका होतात. तापमानाच्या स्तंभाआधी गुणोत्तराचा स्तंभ असलाच पाहिजे. १९७० च्या दशकात क्लायमॅप प्रकल्पाने प्रजातींच्या मोजणीवरून हिमयुगातल्या समुद्राचा नकाशा केला. त्यातली उष्णकटिबंधातली तापमानं पुढे वादात सापडली. २००९ मध्ये मार्गो प्रकल्पाने जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून तो नकाशा पुन्हा मांडला. गाळात कोणत्या प्रजातीची किती कवचं होती, ही मोजणी मात्र आजही नव्या पद्धतींना चालते.

उरलेले तुकडे, निवडलेल्या स्लाइड्स आणि ६३ मायक्रॉनच्या वरचा शिल्लक गाळ लेबल लावून ठेवा. लेबल पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. त्या डबीवर जे नाव असेल, अक्षर न् अक्षर तेच फाइलमधल्या पहिल्या स्तंभात हवं.